भ, क आणि बेडूक

डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या ईश्वरीची बोटं रंग जुळवायचा क्यूब फिरवता फिरवता अडली. अक्षरांची शेवटची जोडी आठवेना. ती हुकली, की जिल्ह्याचं विजेतेपदही गेलं.

क्यूबच्या प्रत्येक तुकड्याला तिने एकेक अक्षर दिलं होतं. पट्टी बांधण्याआधी क्यूब पाहून ती तुकडे फिरवण्याचा क्रम अक्षरांत लावायची. दोन अक्षरांचा एक शब्द आणि सगळ्या शब्दांची मिळून एक गोष्ट. गोष्ट जितकी वेडगळ, तितकी पक्की लक्षात राहायची. भ आणि क म्हणजे भाऊकाका. ‘पोरीच्या जातीला हे ठोकळ्यांचे चाळे कशाला?’ असं दिवाळीच्या पंगतीत सगळ्यांदेखत विचारणारे. त्यामुळे तिच्या गोष्टींत त्यांची कधीच धडगत नसे. आजही ते डोक्यावर परात घेऊन चिखलात बसले होते. पण पुढे काय?

तिसऱ्या रांगेतून ओळखीचा आवाज आला, “विसरली वाटतं! मी सांगतच होतो.”

भाऊकाकांनी तोंड उघडलं आणि तिला लख्ख दिसलं. गोष्टीतही त्यांनी असंच तोंड उघडलं होतं आणि आतून टुणकन बेडूक बाहेर पडला होता. ब आणि ड! तिची बोटं झरझर फिरली. सभागृहात टाळ्या कडाडल्या.

बक्षीस घेताना फोटोसाठी भाऊकाका सगळ्यांत पुढे. “आमच्या घराण्याचीच बुद्धी,” ते पाहुण्यांना सांगत होते. “काय गं, शेवटी आठवलं कसं?”

“तुम्ही तोंड उघडलंत ना काका, म्हणून.”

“ऐकलंत?” भाऊकाकांची छाती फुगली. मग भेटेल त्याला ते हेच ऐकवत सुटले.