मुलगा परदेशात असतो

काकूंनी पेनाचं टोपण परत लावलं आणि पेन टेबलावर ठेवून दिलं.

"नाही करत मी सही," त्या म्हणाल्या. "मला घर विकायचं नाही."

एजंट खुर्चीतून अर्धवट उठलेला, तसाच राहिला. समोर खरेदीखत उघडं पडलेलं. घर घेणारं जोडपं शेजारीच बसलेलं, त्यात बायकोला दिवस गेलेले. ती नवऱ्याकडे बघायला लागली, नवरा एजंटकडे, आणि एजंटला आता कुणाकडे बघावं ते कळेना. नोंदणी कार्यालयातला कारकून मात्र निवांत होता. त्याने काकूंना ओळखलं, 'पुन्हा का?' अशी मान हलवली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

पुन्हाच, दुसरं काय! आधीच्या दोन गिऱ्हाइकांनाही काकूंनी इथवर आणून असंच हात हलवत परत पाठवलं होतं.

आणि या घरासाठी एजंटने काय नाही केलं? काकूंच्या एकुलत्या एका मुलाने तिथल्या मागच्या खोलीत जीव दिला होता. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक. असं घर घेतंय कोण? कुणी बघायला आलंच, तर कोपऱ्यावरच्या दुकानात सगळं ऐकून तिथूनच परत फिरायचं. महिनोन्महिने हे घोंगडं भिजत पडलं होतं. शेवटी एजंट लांबची, या भागाशी काही संबंध नसलेली माणसं हुडकून आणायला लागला, त्यांना परस्पर मागच्या रस्त्याने घरात न्यायला लागला. आणि त्याआधी त्याने काकूंना समोर बसवून नीट पढवलं.

"मुलंबाळं काय, कुठं असतात, हे ते विचारणारच, काकू. म्हणायचं, मुलगा परदेशात असतो, मला बोलावतोय, म्हणून विकतेय. एवढंच. रडायचं बिलकूल नाही."

ही त्याची नेहमीची पद्धत होती. प्रत्येक घराला तो असं एक वाक्य शिवून द्यायचा. भावाभावांत डोकी फुटलेल्या घराला 'कुटुंब वाढलं, जागा पुरेना'. घटस्फोटाच्या घराला 'बदली झाली'. लोकांनाही खरं ऐकायचं नसतं, असं त्याचं मत होतं, आणि धंद्यात ते कधी खोटं ठरलं नव्हतं.

पहिल्या गिऱ्हाइकापुढे काकूंच्या तोंडून शब्द फुटेना. कसंबसं वाक्य म्हटलं आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. दुसऱ्या वेळी मुलाला तिकडे बढती मिळाली होती. आणि या जोडप्यापुढे तर बाईंनी कमालच केली! चहा ठेवला. स्वतः मागच्या खोलीचं दार उघडलं, "ही त्याची खोली," म्हणाल्या. तिकडे थंडी फार आहे म्हणाल्या, कान झाकत नाही मेला, किती वेळा सांगायचं. सून तिकडचीच, पण जीव लावणारी. नात आता धरून धरून उभी राहते.

"कुणावर गेलीय हो?" त्या पोटुशीने हरखून विचारलं.

"नाक त्याचं," काकू म्हणाल्या. "आणि हट्टही त्याचाच."

एजंट खिडकीपाशी उभा राहून ऐकत होता. काय बाई आहे, त्याच्या मनात आलं, हिला तर धंद्यात घ्यायला पाहिजे. जोडपं नंतर पडद्यांची मापं घ्यायला आलं, कपाटाची जागा बघायला आलं, आणि दर वेळी काकूंनी त्यांना आग्रहाने बसवून घेतलं. सौदा पक्का झाला असं तो घरी बायकोलाही सांगून मोकळा झाला होता.

आता जोडपं उठलं. नवरा एजंटला नाही नाही ते बोलला. बायको मात्र दारातून मागे आली.

"काकू, मुलगा नको म्हणाला का?"

"हो," काकू म्हणाल्या. "तो नको म्हणतो."

ती दोघं गेल्यावर एजंटने काकूंना बाहेर व्हरांड्यात नेलं. त्याचं डोकं भणभणत होतं.

"कुणापुढे नाटक करताय, काकू? माझ्यापुढे? त्या घरात तुम्ही कशा राहता मला माहीत नाही? रात्र रात्र झोपत नाही. तुमच्या बहिणीने खोली रिकामी करून ठेवलीय, चार माणसांत राहाल, दोन घास नीट जातील. काय ठेवलंय हो त्या घरात? भाव वाढवून हवाय का? तसं असेल तर सरळ सांगा."

"भावाचं काही नाही. आणि घरात तरी काय ठेवलंय?" काकूंनी चष्मा पदराला पुसला. मग जरा अजीजीने त्यांनी विचारलं, "आता पुढचं गिऱ्हाईक कधी आणाल?"

एजंटने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, विकायचंच नाही, तर गिऱ्हाईक कशाला आणू?"

काकूंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, भाऊ. बहिणीकडेही माहीत आहे. कुणी त्याचं नावसुद्धा काढत नाही. तुमचं गिऱ्हाईकच तेवढं विचारतं, मुलगा कसा आहे म्हणून."