तीन महिन्यांची सरासरी

"ओबिरीच्या आई, आज पार्टी द्यायची," टपरीवरची केरुबो क्वाम्बोकाला म्हणाली. "तुमचा विजेचा दर उतरला."

मीटरमधली युनिटं संपत आली की क्वाम्बोका मळ्यात चहा खुडून घरी जाताना या टपरीवर विजेचे पाचशे शिलिंग भरायची. मग वीस आकडी नंबर मिळायचा, तो घरच्या मीटरवर दाबायचा. आज तेवढ्याच पैशांत तीन युनिटं जास्त आली होती.

"चुकून आली असतील."

"कंपनी आपल्या बाजूनं कधी चुकलीये? तीन महिन्यांची सरासरी बघतात. महिन्याला शंभर युनिटांच्या आत आली की दर खालचा. काटकसर करताय वाटतं. आमच्या नवऱ्यालाही शिकवा जरा."

क्वाम्बोका हसली आणि हसता हसता थांबली. तिच्या घरात विजेवर दोन दिवे चालायचे आणि नवऱ्याचं, ओम्बातीचं, ऑक्सिजनचं यंत्र. दिवसाचे सोळा तास नळी नाकात हवी, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. यंत्र घरात आलं तेव्हाच तर दर चढला होता. ते सोळा तास चालत असेल, तर सरासरी शंभराच्या आत येणं शक्यच नव्हतं. आणि दिवसभर घरी ओम्बाती एकटा असायचा.

ती घाईघाईने घरी आली. यंत्र घरघरत होतं. ओम्बाती खाटेवर नळी लावून बसला होता. ओठ निळसर पडलेले. तिने यंत्राच्या पाठीला हात लावला. पाठ गार होती; तिची चाहूल लागल्यावरच ते चालू झालं होतं.

पोटाला चिमटा घेणारी माणसं तिने पुष्कळ पाहिली होती. या बाबाने श्वासालाच चिमटा घेतला होता. तिला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण तिने तोंड फिरवलं आणि नंबर मीटरवर दाबायला घेतला.

"दर उतरला का गं?" त्याने मध्येच दम घेत विचारलं. किती दिवसांनी त्याचा चेहरा खुलला होता.

"नाही हो," ती पाठमोरीच म्हणाली. "नियमच बदललाय. आता कितीही वापरा, सगळ्यांना एकच दर. यंत्र दिवसभर चाललं तरी फरक नाही."

त्याने नळी नाकात नीट बसवली.

"म्हणजे तीन महिने फुकटच गेले की," तो म्हणाला.