बांधावरची पाथरी

केरबानं तणनाशकाच्या बाटलीच्या सीलला नख लावलं, तशी बायको म्हणाली, “थांबा जरा. आधी मला पाथरीची भाजी खुडू द्या.”

“आटप लवकर. काल पारावर सोपाना सगळ्यांदेखत म्हणाला, केरबा बांधावर जंगल पोसतोय!”

शेजारच्या सोपानाचा बांध औषधानं करपून पिवळा पडला होता. गाव त्यालाच नेटकी शेती म्हणायचं. केरबालाही आता तेच नाव हवं होतं.

बायकोचा ओचा निम्मा भरला असेल-नसेल, तोच खुद्द सोपाना बांधावर येऊन उभा राहिला. वहाणेनं ढेकूळ फोडत म्हणाला, “वहिनी, मूठभर पाथरी मिळंल? तापानं म्हातारीच्या तोंडाची चव गेलीय. भाकरीबरोबर पाथरीच मागतीय, अन् आमच्या बांधावर एक पान उरलं नाही.”

तिनं ओच्यातली सगळी भाजी त्याच्या टॉवेलात ओतली. केरबानं बाटली तशीच पिशवीत टाकली.

चार पावलं जाऊन सोपाना घुटमळला. “उद्या परत आलो तर चालंल का रं?”

“ये की लेका,” केरबा खदखदून हसला. “जंगलाला कुठं कुलूप असतं?”