शंभर ग्रॅम

नवऱ्याने दारू सोडून चाळीस दिवस झाले होते. तरी त्याची पाण्याची बाटली दिसली, की प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या बायकोच्या मनात पाल चुकचुकायची. वास लपवता येतो, घनता नाही, हे तिला ठाऊक होतं.

तो अंघोळीला गेला, की ती रोज त्यातलं शंभर मिली काट्यावर ठेवायची. पाणी असेल तर शंभर ग्रॅम, व्होडका असेल तर पंचाण्णव. आजही आकडा शंभरावर थांबला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

मागे वळली, तर दारात तो उभा.

"चुकलं माझं," ती कशीबशी म्हणाली. "उद्यापासून नाही मोजणार."

 

"मोजत जा गं," तो काकुळतीला आला. "त्या काट्याच्या धाकानेच तर अजून पाणी भरतोय."