गालातली पेशी

उद्या जीवशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा. शाळेच्या प्रयोगशाळेत छोटी खिडकीशी उन्हात बसून सराव करत होती. तिने गालाच्या आतून टूथपिक फिरवली, काचपट्टीला पुसली आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिलं.

जाड भिंतींच्या चौकोनी पेशी दिसल्या. आत हिरवे ठिपके.

"बाई, हे पानासारखं दिसतंय."

"पट्ट्यांची अदलाबदल केली असशील, वेंधळे," म्हणत बाईंनी कोरी काचपट्टी घेतली. स्वतःच्या हाताने छोटीच्या गालातून टूथपिक फिरवली आणि भिंगाला डोळा लावला.

भिंग पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं; तेच हिरवे ठिपके. मग छोटीकडे न बघता उठल्या आणि त्यांनी खिडकीचा जाड पडदा ओढून घेतला.

अंगावरचं ऊन गेलं, आणि छोटीला एकाएकी सपाटून भूक लागली.