तिसऱ्या मजल्यावरची खोली

“नळ सोडून बघ! उशीचा वास घेऊन बघ!” नवरा जिन्याखालून ओरडत होता. म्हैसूर बघायला आल्यापासून हे चौथं स्वस्त लॉज होतं. बत्तीस वर्षं प्रत्येक सहलीत खोली पसंत करायला तो वर जायचा आणि ती खाली बॅगा सांभाळत बसायची. यंदा गुडघ्यामुळे बॅगांपाशी तो बसला होता, काठीनं फरशी ठोकत.

तिसऱ्या मजल्यावर तिनं नळ सोडला. गरम पाणी आलं. उशीला साबणाचा वास होता. खिडकी उघडली, तर समोर अख्खा राजवाडा उन्हात झळकत होता. हरखून ती खाली निघाली. मग गुडघा आठवला आणि ती पायऱ्या मोजत उतरली. बावन्न. लिफ्ट नव्हती.

“कशी आहे?” काठीची ठकठक वाढली.

“कुबट वास येतोय. दुसरीकडे बघू.”

“अगं, मॅनेजर म्हणतोय खिडकीतून राजवाडा दिसतो!”

“कुठला दिसतोय? मध्ये भिंत आहे,” तिनं ठासून सांगितलं आणि घाईघाईनं बॅगा उचलल्या.

ठकठक थांबली. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

“पायऱ्या किती आहेत?” त्यानं हळूच विचारलं.