वहिनींचं स्टूल

दारातून तीन हाका मारूनही मिस्त्रींनी वर पाहिलं नाही, तेव्हा मास्तर गिटारची पेटी सांभाळत सरळ आत शिरले. मिस्त्री रंध्याच्या पात्याला तेल लावत बसले होते. तंद्री तीच. अशा माणसाच्या डोक्यावर छप्पर कोसळलं तरी तो आधी हातातलं पातं पुसून ठेवील.

पात्यावर सावली पडली तसे मिस्त्री दचकले. मग तोंडभर हसले.

"मास्तर! अहो, मिशी कुठे गेली?"

"पांढरी झाली, काढून टाकली. इतक्या वर्षांनी भेटतोय, आणि विचारता काय, तर मिशी!"

"बरं केलंत. त्या झुडपामागून तुम्ही काय बोलायचात, देव जाणे. या, इकडे खिडकीपाशी बसा, उजेडात."

मास्तर बसले. कारखाना म्हणजे एकच खोली, पण तिचा वास तीस वर्षांत जराही बदलला नव्हता. सरस, भुसा, पॉलिश. बाकासमोरचं वहिनींचं बुटकं स्टूल मात्र रिकामं होतं. त्यावर अर्धवट विणलेला करडा स्वेटर आणि दोन सुया तशाच ठेवलेल्या.

"दोन वर्षं झाली," मिस्त्री म्हणाले. "उचलवत नाही."

मास्तरांनी पेटी उघडली.

गिटार पाहून मिस्त्रींचे हात आपोआप पुढे आले. पाठ शिसवीची, एका जुन्या कपाटाच्या दारातून काढलेली. कुलपाचं भोक बुजवल्याचा ठिपका अजून दिसत होता. समोरची फळी तेव्हा पांढुरकी होती, आता मधाच्या रंगाची झालेली. मास्तरांचा हात टेकून टेकून काठावरचं पॉलिश उडालं होतं. गोल तोंडातून डोकावलं की आत चिकटवलेली चिठ्ठी दिसे, आणि तिच्यावर दोन सह्या. वरची ठसठशीत, मिस्त्रींची. खालची बारीक, वहिनींची. बायकोवर काय जीव आहे, म्हणून मास्तरांनी तेव्हा चेष्टाही केली होती.

ही गिटार होत होती त्या महिन्यात ते रोज यायचे. लग्न ठरलेल्या मुलालाही इतकी घाई नसेल. मिस्त्री फळीवर बोटाने टकटक करायचे आणि वहिनींकडे बघायचे. वहिनी विणायचं थांबवून, मान वर करून म्हणायच्या, "अजून." मिस्त्री मुकाट्याने आणखी तासायचे. पुन्हा टकटक, पुन्हा "अजून."

"वहिनी, त्यांचं काम त्यांना करू द्या की," मास्तर एकदा न राहवून बोलले होते. वहिनी खळखळून हसल्या होत्या. त्यांना हसताना पाहून मिस्त्रीही हसले होते.

मिस्त्रींच्या कानाची ख्याती लांबवर पसरली होती. कुणी तारीफ केली की ते वहिनींकडे बोट दाखवायचे. लोक म्हणायचे, विनय असावा तर असा.

"मिस्त्री, मला हिची बहीण हवीय," मास्तर म्हणाले. "गिटार एक आणि लेकी दोन. दोघी हिच्याच आवाजावर वाढल्या. मागच्या आठवड्यात माझ्यादेखत भांडल्या, बाबांच्या मागे गिटार कुणाची म्हणून. आठ दिवस झाले, एकमेकींशी बोलत नाहीत. बाजारातली आणली तर तोंडाकडे बघणार नाहीत. अगदी असाच आवाज हवा."

मिस्त्रींनी मान हलवली. "आता नाही जमायचं. ती गेली, तिच्याबरोबर कामही गेलं."

"हात तर चालतात अजून."

"हातांचं काही नाही हो."

दुःखापुढे कसला हट्ट करायचा? पण इतक्या लांब आलोच आहोत तर एकदा ऐकवावी, म्हणून मास्तरांनी गिटार मांडीवर घेतली. मिस्त्रींनी खुर्ची पुढे ओढली, गिटारच्या कुशीला तळवा टेकवला आणि डोळे मिटले. मास्तर वाजवत राहिले. मिस्त्रींच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

वाजवणं थांबलं तसे मिस्त्रींनी डोळे उघडले. "कसा आहे आवाज?"

"आत्ता ऐकलात की!"

"तुम्ही सांगा."

मास्तरांनी विचार केला. "खालचे स्वर पसरलेत. पूर्वी जरा आखडायचे. वरचे पिकलेत, पण कडवट नाहीत. मधली एक तार अजून लाजते."

मिस्त्री त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होते. मग उठून त्यांनी भिंतीवर टांगलेली एक फिकट फळी काढली. दोन वर्षांची धूळ बाहीने पुसली.

"करतो. पण एक अट. काम संपेपर्यंत रोज सकाळी यायचं आणि त्या स्टुलावर बसायचं."

एकटेपणा खातोय बिचाऱ्याला, मास्तरांच्या मनात आलं. "येईन की. पण मला विणता येत नाही, आधीच सांगतो."

मिस्त्रींनी स्वेटर उचलून छातीशी धरला, मग अलगद खणात ठेवला. मास्तर स्टुलावर बसले. ते इतकं बुटकं होतं की गुडघे हनुवटीला लागले.

मिस्त्रींनी फळी दोन बोटांत धरली. टकटक केली. मास्तरांकडे पाहिलं.

मास्तर कौतुकाने हसले. कारागिराच्या कामात आपण कशाला नाक खुपसायचं?

मिस्त्रींनी पुन्हा टकटक केली. नजर मास्तरांच्या ओठांवरून हलेना.

"बोला ना मास्तर," ते म्हणाले. "तीच सांगायची. मला तर लग्नाच्या आधीपासून ऐकू येत नाही."